गाडीचे दिवे: मोजके आपल्यासाठी, बाकीचे इतरांसाठी

गाडीच्या बाहेर दिवे किती असतात, असं विचारलं तर बहुतेक जण हेडलाइट, इंडिकेटर, ब्रेक लाइट म्हणतात आणि थांबतात. डाव्या-उजव्या जोड्या धरून नीट मोजलं तर साध्या गाडीतही आकडा विसाच्या आसपास जातो. त्यातले चालकाला रस्ता दाखवणारे दिवे मोजकेच: हेडलाइट, पुढचे फॉग लॅम्प आणि गाडी मागे घेताना लागणारा रिव्हर्स लाइट. उरलेले सगळे दुसऱ्यांसाठी असतात. आपण कुठे आहोत, किती रुंद आहोत, थांबतोय की वळतोय, हे ते बाहेरच्यांना कळवत राहतात. अडचण अशी, की नेमके हेच दिवे चालकाच्या जागेवरून दिसत नाहीत. मागचा एक दिवा महिनाभर बंद असला तरी आत बसलेल्याला त्याचा पत्ता नसतो. दिव्यांच्या बाबतीत होणाऱ्या बऱ्याच चुका इथूनच सुरू होतात.

आधी रंग बघू. पुढे पांढरा, मागे लाल आणि वळण दाखवायला नारिंगी, ही वाटणी जवळपास सगळ्या जगात सारखी आहे. अंधारात गाडीचा आकार दिसत नसला तरी दोन लाल ठिपके दिसले की ती आपण चाललोय त्याच दिशेला तोंड करून आहे, आणि पांढरे दिसले की समोरून येतेय, हे विचार न करता कळतं. मागच्या बाजूला पांढरा उजेड दोनच ठिकाणी चालतो: नंबर प्लेटवर, आणि रिव्हर्स गिअर टाकल्यावर. हौसेखातर मागे पांढऱ्या पट्ट्या किंवा पुढे लाल दिवे बसवणाऱ्यांना हे कुणी सांगितलेलं नसतं. अमेरिकेत मागचे इंडिकेटर लाल असले तरी चालतात, बाकी बहुतेक ठिकाणी नारिंगीच लागतात. माझं मत विचाराल तर नारिंगीच बरे. लाल ब्रेक लाइटच्या शेजारी लुकलुकणारा लाल दिवा ओळखायला उगाच एक क्षण जास्त जातो.

डिपरचा उजेड कुठवर

हेडलाइटचे उजेड दोन: लांबवर जाणारा अप्पर आणि खाली रस्त्यावर पडणारा डिपर. डिपर म्हणजे अप्परचाच मंद केलेला उजेड, असा समज सर्रास आढळतो. खरा फरक जोराचा कमी आणि आकाराचा जास्त आहे. रात्री गाडी भिंतीसमोर काही मीटरवर उभी करून डिपर लावा. भिंतीवर उजेडाची वरची कड अगदी आखल्यासारखी दिसेल. कडेच्या खाली लख्ख उजेड, वर जवळपास अंधार. ही कड एका बाजूला सपाट असते आणि दुसऱ्या बाजूला तिरकी वर चढते. जिथे वाहतूक रस्त्याच्या डावीकडून चालते तिथे ती डावीकडे चढते, उजवीकडून चालते तिथे उजवीकडे. समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर उजेड जाऊ नये, पण आपल्या कडेने चालणारा माणूस, सायकलवाला, रस्त्यावरची पाटी मात्र लांबून दिसावी, यासाठी ही रचना आहे. युरोपात ती १९५७ मध्ये आली. ब्रिटनमधली गाडी फ्रान्समध्ये नेली की हाच चढ नेमका समोरच्याच्या डोळ्यांवर जातो. म्हणून अशा प्रवासाआधी हेडलाइटवर ठरावीक जागी झाकणपट्टी चिकटवतात किंवा गाडीत सोय असेल तर उजेडाची बाजू बदलतात.

आता थोडं गणित. ही कड साधारणपणे दर मीटरला एक सेंटिमीटर खाली उतरेल अशी लावलेली असते. हेडलाइट जमिनीपासून ६५ सेंटिमीटर उंचीवर असेल तर कड ६५ मीटरवर रस्त्याला टेकते. त्याच्या पलीकडे, कडेचा तिरका भाग सोडला, तर फारसं काही दिसत नाही. याउलट, मागच्या सीटवर तिघं बसली आणि डिकी भरली की गाडीचा मागचा भाग दबतो आणि नाक वर होतं. नाक फक्त एक अंश वर झालं तरी उजेड दर मीटरला पावणेदोन सेंटिमीटर वर उचलला जातो. म्हणजे खाली उतरणारी कड वर चढू लागते आणि आपण डिपरवर असूनही समोरच्याला अप्परसारखं दिपवतो. डॅशबोर्डवर शून्य ते तीन आकडे असलेलं छोटं चाक असतं ते यासाठीच. शून्य म्हणजे गाडी रिकामी, आकडा वाढवला की उजेड खाली येतो. अनेक गाड्यांत हे चाक पहिल्या दिवसापासून शून्यावरच असतं. काही गाड्यांत हे काम आपोआप होतं आणि तिथे चाक नसतं.

कड रस्त्याला टेकते तो ६५ मीटरचा आकडा वेगाशी ताडून बघण्यासारखा आहे. ताशी ८० किलोमीटर वेगाला गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. समोर काहीतरी आहे हे लक्षात येऊन पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद गेला तर ३३ मीटर गेले. त्यापुढे कोरड्या, चांगल्या रस्त्यावर गाडी थांबायला सुमारे ३५ मीटर लागतात. बेरीज ६८. म्हणजे डिपरचा उजेड जिथे संपतो, त्याच्याही किंचित पुढे गाडी थांबते. रस्ता ओला असेल किंवा टायर झिजलेले असतील तर आणखी पुढे. १९६८ च्या व्हिएन्ना वाहतूक कराराने ठरवलेली किमान अपेक्षा तर याहून कमी आहे: डिपरने ४० मीटर आणि अप्परने १०० मीटर रस्ता दिसला पाहिजे.

म्हणून दिवे नसलेल्या मोकळ्या रस्त्यावर, समोर कुणी नसताना अप्पर लावणं यात गैर काही नाही, उलट ते तिथे लावायलाच हवं. अप्पर कधीच न लावणारा सभ्य चालक आणि अप्पर कधीच न उतरवणारा बेफिकीर चालक, दोघांनाही हा दिवा कळलेला नाही. अर्थात दुसरा जास्त त्रासदायक. समोरून गाडी येताना डिपर करायचं हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण पुढे चाललेल्या गाडीच्या मागे असतानाही ते करावं लागतं, हे पुष्कळांच्या गावी नसतं. तिच्या तिन्ही आरशांतून आपला अप्पर थेट चालकाच्या डोळ्यांत जातो. वळणावर समोरची गाडी दिसायच्या आधी तिच्या उजेडाची आभा दिसते, तेव्हाच डिपर करावं. अप्पर चालू आहे की नाही हे ओळखणं सोपं आहे, दिव्यांच्या खुणांमध्ये निळी खूण फक्त त्याचीच असते.

समोरच्याने डिपर केलंच नाही तर? त्याच्या दिव्यांकडे न बघता आपल्या बाजूच्या रस्त्याच्या कडेवर नजर ठेवायची आणि वेग कमी करायचा. दिपलेले डोळे सावरायला काही सेकंद लागतात आणि वयानुसार हा वेळ वाढत जातो. सूड म्हणून आपणही अप्पर लावलं, तर एकाऐवजी दोन आंधळे चालक एकमेकांकडे धावत असतात.

अप्पर-डिपर मारून इशारा देण्याबद्दलही एक सांगायला हवं. कुठे त्याचा अर्थ ‘तुम्ही पुढे जा’ असा घेतात, कुठे ‘मी येतोय, थांबा’ असा. दोन अर्थ अगदी उलट आहेत. ब्रिटनच्या अधिकृत वाहतूक नियमावलीत त्याचा एकच अर्थ दिला आहे: मी इथे आहे. तेवढाच धरलेला बरा.

बल्ब बदलण्याचा मोह

हॅलोजन बल्ब युरोपात १९६२ मध्ये आला. त्यातल्या एच४ या प्रकारात एकाच बल्बमध्ये दोन तारा असतात, एक अप्परची, एक डिपरची. डिपरच्या तारेखाली धातूची बारीक वाटी असते, ती खालच्या दिशेचा उजेड अडवते आणि त्यातूनच ती आखीव कड तयार होते. मागचा परावर्तक या तारेची जागा अगदी काटेकोरपणे गृहीत धरून घडवलेला असतो. त्याच जागी बाजारातला एलईडी बल्ब खोचला की उजेडाचा उगम बदलतो. एलईडीच्या चिप पट्टीच्या दोन बाजूंना बसवलेल्या असतात, तारेसारखा सगळीकडे उजेड त्या देत नाहीत. परिणामी कड विस्कटते आणि उजेड वाटेल तिथे सांडतो.

तरीही हे बल्ब बसवणारा खूश असतो, कारण बॉनेटच्या पुढचे दहा-पंधरा मीटर झगझगीत दिसतात. जवळचा रस्ता इतका उजळला की डोळ्यांची बाहुली आकसते आणि लांबचं उलट कमी दिसतं. समोरून येणाऱ्याला काय दिसतं ते तर विचारूच नका. कंपनीनेच बसवलेले एलईडी हेडलाइट वेगळे. त्यात दिवा, भिंग, थंड ठेवण्याची सोय असं सगळं एकमेकांसाठी बनवलेलं असतं.

खोक्यावर लिहिलेल्या केल्विनच्या आकड्यानेही फसगत होते. केल्विन हा उजेडाचा रंग सांगतो, जोर सांगत नाही. हॅलोजन साधारण ३२०० केल्विनचा, म्हणून पिवळट. आकडा वाढत गेला की पांढरा, मग निळसर. जोर बघायचा तर लुमेन बघावे लागतात. एच७ हॅलोजन बल्ब साधारण १५०० लुमेन देतो, तर १९९१ मध्ये बीएमडब्ल्यूच्या ७ सिरीजमधून आलेल्या झेनॉन दिव्याच्या पिढीत हा आकडा ३२०० च्या आसपास गेला. इतका उजेड चुकीच्या दिशेला गेला तर धोकाच. म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या नियमांनी २००० लुमेनच्या वरच्या डिपरला उंची आपोआप सांभाळणारी यंत्रणा आणि काच धुणारा फवारा सक्तीचा केला.

उजेड कमी वाटत असेल तर बल्ब बदलण्याआधी हेडलाइटचं आवरण बघा. ते काचेचं नसून पॉलिकार्बोनेट प्लॅस्टिकचं असतं, आणि उन्हाने वर्षानुवर्षं पिवळं, धुरकट होत जातं. पॉलिश करून किंवा बदलून जो फरक पडतो तो कुठल्याही भारी बल्बने पडणार नाही.

पुढे झगमगाट, मागे काळोख

दिवसा लागणारे दिवे, म्हणजे डीआरएल, स्कँडिनेव्हियातून आले. हिवाळ्यात तिथे दिवसही अंधारलेला असतो. स्वीडनने १९७७ मध्ये दिवसा दिवे लावणं बंधनकारक केलं. युरोपीय संघाने फेब्रुवारी २०११ पासून नव्या मॉडेलच्या गाड्यांना डीआरएल सक्तीचे केले. इंजिन चालू झालं की ते लागतात, समोरच्याला गाडी लवकर दिसते, उत्तम.

पण त्यातून एक नवीच भानगड झाली. बहुतेक गाड्यांत डीआरएल फक्त पुढे असतात, मागचे लाल दिवे त्यांच्याबरोबर लागत नाहीत. पूर्वी अंधार पडला की मीटरचे आकडे दिसेनासे व्हायचे आणि दिवे लावायची आठवण व्हायची. आता डॅशबोर्डचा पडदा दिवसरात्र उजळलेला असतो. रस्त्यावर खांबांचा उजेड असेल तर डीआरएलच्या उजेडात समोरचा रस्ताही बऱ्यापैकी दिसतो. चालकाला वाटतं दिवे चालू आहेत, आणि मागून येणाऱ्याला गाडी दिसतच नाही. मागच्या दिव्यांशिवाय रात्री धावणाऱ्या नव्याकोऱ्या गाड्या बहुतेक वेळा या कारणाने तशा असतात, चालकाच्या बेपर्वाईने नव्हे.

‘ऑटो’वर ठेवलं की प्रश्न मिटला, असंही नाही. काचेजवळचा सेन्सर आकाशातून येणारा उजेड मोजतो. दिवसा दाट धुकं असलं तर दिसत काही नाही, पण आसमंत पांढराशुभ्र असतो. सेन्सरच्या लेखी तो लख्ख दिवस. मुसळधार पावसातही तसंच होऊ शकतं. अशा वेळी दांडी किंवा बटण हाताने डिपरवर न्यावं लागतं. डॅशबोर्डवर दिव्याची हिरवी खूण दिसत असेल तर मागचे दिवेही चालू आहेत असं समजा, दिसत नसेल तर बटणाकडे पुन्हा बघा.

पार्किंग लाइटचे छोटे दिवे पुढे पांढरे आणि मागे लाल असतात. रस्त्याकडेला उभी असलेली गाडी दिसावी एवढंच त्यांचं काम. संध्याकाळी किंवा पावसात फक्त ते लावून गाडी चालवण्यात काही फायदा नाही, डिपर लावावं. अनेक युरोपीय गाड्यांत यांचाच एक पोटप्रकार सापडतो. गाडी बंद केल्यावर इंडिकेटरची दांडी एका बाजूला राहिली तर फक्त त्या बाजूचे छोटे दिवे रात्रभर जळत राहतात. अरुंद रस्त्यावर रहदारीच्या बाजूचेच दिवे लागावेत, बॅटरी वाचावी, असा विचार त्यामागे आहे. हे माहीत नसलेल्यांना मात्र वायरिंग बिघडल्याची शंका येते.

धुकं

धुक्यात अप्पर लावला की समोर पांढरा पडदा उभा राहतो, कारण पाण्याचे असंख्य बारीक थेंब उजेड आपल्याकडेच परत फेकतात. जितका उजेड जास्त आणि डोळ्यांच्या रेषेच्या जितका जवळ, तितका पडदा दाट. पुढचे फॉग लॅम्प म्हणून बंपरमध्ये खाली बसवतात. त्यांचा उजेड रुंद, सपाट आणि आखूड असतो. लांबचं दाखवणं हे त्यांचं काम नाही, त्यांनी फक्त रस्त्याची कड आणि पट्टे दाखवायचे. निरभ्र रात्री ते लावून ठेवल्याने लांबचं काही जास्त दिसत नाही, ओल्या रस्त्यावरून मात्र समोरच्याला चकाकी जाते.

पिवळा दिवा धुकं भेदतो, ही समजूत जुनी आहे. धुक्याचे थेंब उजेडाच्या तरंगलांबीच्या कितीतरी पट मोठे असतात, त्यामुळे ते सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात. पिवळ्यात निळा भाग नसल्याने डोळ्यांना तो थोडा सुसह्य वाटतो, एवढं खरं. फ्रान्समध्ये १९३० च्या दशकाच्या अखेरीपासून १९९३ पर्यंत हेडलाइट पिवळेच असावेत असा नियम होता.

मागचा फॉग लॅम्प लाल असतो आणि जवळजवळ ब्रेक लाइटइतका प्रखर. बऱ्याच गाड्यांत तो एकच असतो, रहदारीच्या मध्याकडच्या बाजूला, आणि त्याच्या जोडीच्या जागी दुसऱ्या बाजूला रिव्हर्स लाइट. एकच लाल दिवा पेटलेला बघून दुसरा बल्ब गेला, असं समजायचं कारण नाही. धुकं विरल्यावर तो विसरून चालू ठेवणं हा खरा गुन्हा. मागच्याचे डोळे दिपतात आणि त्या झगमगाटात आपला ब्रेक लाइट लागला की नाही हे त्याला कळत नाही. जर्मनीत ५० मीटरपेक्षा कमी दिसत असेल तरच तो लावता येतो, ब्रिटनमध्ये १०० मीटरची मर्यादा आहे.

थांबणं, वळणं, मागे येणं

मागच्या काचेतला तिसरा ब्रेक लाइट दिसायला किरकोळ, पण त्याच्यामागची कहाणी छान आहे. १९७४ मध्ये जॉन व्होएवोडस्की या मानसशास्त्रज्ञाने सॅन फ्रान्सिस्कोच्या टॅक्सींवर असा जादा दिवा बसवून बघितला, आणि मागून धडक बसण्याचं प्रमाण निम्म्याहून जास्त घटलं. अमेरिकेत १९८६ च्या मॉडेलपासून सगळ्या मोटारींना तो सक्तीचा झाला. दिव्याचं नावीन्य ओसरल्यावर १९९८ च्या सरकारी अभ्यासात फायदा ४.३ टक्के निघाला. सुरुवातीच्या आकड्यापुढे तो अगदीच लहान, पण दिवाही अगदीच स्वस्त. शिवाय तो उंचावर असल्याने मधल्या गाडीच्या काचांतून तिच्याही पुढची गाडी थांबतेय हे कळतं.

ब्रेक लाइटमध्ये एलईडीने मोठा फरक पाडला. तारेचा बल्ब तापून उजळायला सुमारे ०.२ सेकंद घेतो, एलईडी जवळपास तत्क्षणी लागतो. ताशी १०० किलोमीटरला तेवढ्या वेळात मागची गाडी साडेपाच मीटर पुढे आलेली असते. विजेच्या गाड्यांत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की मोटर उलटी वीज बनवत गाडी आवरते, आणि वेग पुरेसा झपाट्याने कमी होत असेल तर ब्रेकला पाय न लावताही ब्रेक लाइट लागतो. पुढची गाडी कारण नसताना ब्रेक मारतेय असं वाटून वैतागू नये.

इंडिकेटर मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकतो. एका बाजूचा अचानक दुप्पट वेगाने टिकटिकू लागला तर त्या बाजूचा एक बल्ब गेला आहे. बाहेरच्या दिव्याची खबर आतल्या माणसाला मिळावी म्हणून ही मुद्दाम केलेली सोय आहे. साध्या बल्बच्या जागी एलईडी लावला तरी ही टिकटिक वाढते, कारण वीज कमी ओढली जाते आणि यंत्रणेला बल्ब गेल्यासारखं वाटतं.

हॅझर्ड, म्हणजे चारही इंडिकेटर एकदम, उभ्या गाडीसाठी आहेत. पावसात ते लावून चालत राहिलं की वळण दाखवायचा मार्गच बंद होतो. शिवाय बाजूने येणाऱ्याला एकच कोपरा दिसत असेल तर त्याला वाटतं आपण त्या बाजूला वळतोय. अपवाद एक: वेगवान रस्त्यावर पुढे अचानक वाहतूक तुंबलेली दिसली तर मागच्यांना सावध करायला काही क्षण ते लावणं अनेक देशांत मान्य आहे. नव्या गाड्यांत ताशी ५० च्या वर जोरात ब्रेक दाबला की ब्रेक लाइट किंवा इंडिकेटर आपोआप नेहमीपेक्षा जलद फडफडतात, तेही याचसाठी.

हे सगळे मागचे दिवे एकट्याने तपासायची सोपी रीत आहे. रात्री गाडी मागच्या बाजूने भिंतीजवळ लावायची आणि आरशात बघत एकेक दिवा चालू करायचा. ब्रेक दाबल्यावर भिंतीवर डावीकडे, उजवीकडे आणि मध्ये, असा तीन ठिकाणी लाल उजेड वाढला पाहिजे. मग गाडी फिरवून त्याच भिंतीवर डिपरची कड बघायची. दोन्ही हेडलाइटची कड एका उंचीवर नसेल तर त्यातला एक नक्की चुकीच्या ठिकाणी बघतोय. तेवढ्यात खाली वाकून मागच्या बंपरवरचे लाल रिफ्लेक्टरही पुसून घ्यावेत. बॅटरी पूर्ण उतरलेली असताना अंधारात आपली गाडी दाखवणारं तेवढंच काय ते उरतं.